कंपाउंडर हरले तो बोर्ड

बुद्धिबळाबद्दल आमच्या घरमालकांचं म्हणणं असं होतं, की दोन माणसं समोरासमोर बसून तासन्‌तास एकमेकांशी बोलत नाहीत, याला खेळ म्हणत नाहीत, भावकी म्हणतात. पत्ते म्हणजे कागद. घामाचा हात लागला की राजा आणि गुलाम सारखेच मऊ पडतात. टेबल टेनिसच्या चेंडूत नुसती हवा, आणि हवेवर निवडून यायला आपण काय पुढारी आहोत? बॅडमिंटन नेवाशात तेव्हा कुणी खेळत नव्हतं, तरी त्यावरही त्यांचं मत तयार होतं. “पिसं पाखराच्या अंगावर शोभतात,” ते म्हणायचे. “ती उडवायला दोन शहाणी माणसं कशाला लागतात?”

हे सगळं मी पहिल्या भेटीतच ऐकलं, तेही उंबऱ्याबाहेर उभं राहून. मी नेवाशाच्या हायस्कुलात नुकतीच लागले होते आणि आईला बरोबर घेऊन भाड्याची खोली शोधत होते. या गृहस्थांनी खोली दाखवायच्या आधी माझा हात बघितला.

“नखं वाढवता?”

“नाही.”

“अंगठी?”

“नाही हो. का?”

“कॅरम येतो?”

“थोडा येतो.”

“थोडा? थोडा ताप असतो. कॅरम येतो किंवा येत नाही.”

तेवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला. “अवो, पोरगी उन्हातान्हात उभी हाय. आदी खोली दावा, मग परीक्षा घ्या.” त्या आवाजावर आईनं खोली पसंत केली. खोली तिनं नंतर पाहिली.

घरमालक सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. जन्मभर पुड्या बांधल्या, मिक्श्चरं ढवळली आणि निवृत्त झाले. गाव त्यांना कंपाउंडरच म्हणायचं. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायला लागले. त्या गोदाकाठच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. मूलबाळ नव्हतं. “आमच्या घरात आवाज त्यो काय सोंगट्यांचाच,” असं त्या मला एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, आणि निवडत राहिल्या.

कंपाउंडरांचा बोर्ड ओसरीच्या आतल्या खोलीत होता. वर पत्र्याची टोपी घातलेला दिवा, इतका खाली टांगलेला की उभं राहिलं तर कपाळावर आपटायचा. बोर्डावर चहाचा कप ठेवणं, कोपर टेकणं, पावडरवर फुंकर मारणं ही तीन पापं त्यांच्या घरात चोरीच्या वरची होती. आणि मतं तर काय विचारू नका! फळी बघून घ्यायची नाही, ऐकून घ्यायची; बोटाच्या पेरानं ठोकली की चांगली फळी ‘हं’ म्हणते आणि वाईट फळी ‘काय?’ म्हणते. पावडर बोरिकचीच आणि चिमटीनं, औषधासारखी. वासाची पावडर लावलेला बोर्ड म्हणजे बाशिंग बांधलेला म्हातारा. प्लास्टिकचे स्ट्रायकर तेव्हा नुकते बाजारात दिसायला लागले होते, त्यांना ते ‘बटणं’ म्हणत. त्यांचा स्वतःचा स्ट्रायकर हस्तिदंती होता, पिवळा पडलेला. तो फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून गोळ्यांच्या डबीत ठेवलेला असायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही.

एका जत्रेत कुणीतरी खिळ्यांची मशीन आणली होती. दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी खिळ्यांतून ठेचकाळत खाली यायची आणि ज्या खोबणीत पडेल तेवढे गुण. गावातली पोरं तिथून हलेनात. कंपाउंडर एकदा खेळले, जिंकले आणि तोंड कडू करून परत आले. मी विचारलं, “का हो, जिंकलात ना?”

“जिंकलो. पण हरलं कोण?” ते म्हणाले. “मशीनचं तोंड बघितलं मी, काही पडलेलं नव्हतं. मशीनशी खेळायचे दिवस आले ना बाई, तर माणसं घरात बसून मरतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही.”

मला तेव्हा हसू आलं होतं. असं बोलायचे ते, दर दोन वाक्यांनी मरणाची गोष्ट काढायचे. दवाखान्यात जन्म गेलेला माणूस.

मावशींना मात्र कुठल्याच खेळाबद्दल मत नव्हतं. लग्नाआधी त्यांनी कॅरम पाहिलेलाही नव्हता. दिवेलागण झाली की पदर खोचायच्या, बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि बोर्डापुढे बसून नवऱ्याला हरवायच्या. रोज नाही, पण बऱ्याचदा. मग कंपाउंडर उठून बोर्डाच्या चारी पायांखाली बोटं घालून बघायचे. हवा दमट आहे. पावडर जाड पडली. फळी उत्तरेला कलली आहे. मावशी तव्यावर भाकरी टाकता टाकता आतूनच म्हणायच्या, “नाचता येईना, अंगण वाकडं.” हे मी इतक्या वेळा ऐकलं, की शाळेत पोरांना म्हणी शिकवताना मला त्यांच्या चुलीचा धूर आठवायचा.

एक गोष्ट त्यांच्यात पक्की होती. कुणी कुणाला सोडायचं नाही. मी नवखी, तर मला एकदा मावशींनी दयेनं एक सोंगटी सोडली. कंपाउंडर असे तडकले, की काय सांगू! “ती खेळायला बसली आहे ना? मग खेळ. सोडायचं ते लहान पोराला, नाहीतर मरायला टेकलेल्याला. ही यातली कोण आहे?” मावशींनी निमूट पुढची सोंगटी घेतली आणि मला धुळीला मिळवलं.

बहात्तर सालच्या दुष्काळात प्रवरा वाळूची झाली. बायका पात्रात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. शाळेत सुकडी यायची; पोरं त्यासाठीच यायची आणि खाऊन झोपायची. अशाच एका सकाळी मावशी हंडा घेऊन आल्या, तो उतरवला आणि उतरवता उतरवताच उजव्या अंगावर कोसळल्या. अर्धांग. तोंड वाकडं झालं, उजवा हात आणि पाय गेला. आठवड्याभरानं बोलणं परत आलं, पण शब्द जड, ओले.

बोलणं आलं आणि त्यांनी ते वापरायचं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मी वेणी घालायला जायचे, तर मान वळवू द्यायच्या नाहीत. पेज भरवली तर ओठांच्या कडेनं सोडून द्यायच्या. शेजारच्या शेवंताबाई दूध घेऊन यायच्या, रडायच्या, आणि ते दूध तसंच परत न्यायच्या. दवाखान्यात नवे डॉक्टर होते, कंपाउंडरांना मानणारे. ते घरी येऊन स्पष्ट बोलले. “औषधानं हात यायचा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांचं मन कशात तरी लागलं पाहिजे. नाहीतर अशाच पडून त्या जातील.”

त्या संध्याकाळी कंपाउंडरांनी बोर्ड उचलून मावशींच्या खाटेशी आणला. मावशींनी डोळे मिटले.

“माजा हात गेला,” त्या म्हणाल्या.

“डावा आहे की.”

“डाव्यानं नैवेद्य दावत न्हाईत.”

“हा नैवेद्य नाही गं, कॅरम आहे.”

त्या हसल्या नाहीत. पण डोळे उघडले, एवढं खरं.

पुढचे काही दिवस तो माणूस येडा झाला होता. मावशींच्या डाव्या बोटात जोर नव्हता; नेहमीचा स्ट्रायकर जागचा हलायचा नाही. मग हलका स्ट्रायकर शोधणं सुरू झालं. औषधाच्या बाटलीचं बूच घासून पाहिलं. ते उडून खाटेखाली जायचं. कोटाचं मोठं बटण आणलं. ज्या प्लास्टिकला जन्मभर नावं ठेवली, ते नगरहून स्वतः जाऊन आणलं. शेवटी फण्या-कंगवे करणाऱ्या एका म्हाताऱ्याला गाठलं आणि त्याच्याकडून म्हशीच्या शिंगाची पातळ चकती तासून घेतली. काळी, गुळगुळीत, मधे पांढरट रेघ. ती बोर्डावर ठेवून त्यांनी मावशींचं बोट तिच्यामागे लावलं. चकती सरकली. चार बोटं सरकली असेल. पण मावशींनी ती पुन्हा मागितली.

त्या दिवशी मावशींनी पेज गिळली. कंपाउंडर परसात जाऊन तोंड धुऊन आले. बराच वेळ धुत होते.

खेळ सुरू झाला. मावशी हरायच्या, अर्थातच. एक सोंगटी पडली तर मोठी गोष्ट. आणि इथं कंपाउंडरांनी एक चूक केली. एका संध्याकाळी मावशींच्या दोन सोंगट्या पडल्या, चेहरा जरा उजळला, आणि या माणसाला मोह आवरला नाही. भोकाच्या तोंडाशी बसलेली सोंगटी त्यांनी चुकवली. मग दुसरी चुकवली. मग राणी सोडली. मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते, मलासुद्धा कळलं. मग जिनं त्या हाताचा एकेक फटका वर्षानुवर्षं पाहिला, तिला कळणार नाही? मावशींनी तो बोर्ड जिंकला. कंपाउंडर म्हणाले, “वा! वा गं!”

मावशींनी डाव्या हातानं सगळ्या सोंगट्या बोर्डावरून खाली लोटल्या.

“मी अजून मेले न्हाई,” त्या म्हणाल्या. “मेले की मंग सोडा.”

आणि पुन्हा भिंतीकडे तोंड. पुन्हा पेज बंद. कंपाउंडरांनी माफी मागितली, रागावले, रडले; काही उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून बाहेर पडले आणि कपाळाला बुक्का लावून परत आले. खाटेशी उभे राहिले.

“खांबाला हात लावून आलो,” ते म्हणाले. “पुन्हा कधी सोडणार नाही. सोडलं तर मला नरकातही जागा मिळू नये, असं बोलून आलो.”

ज्या खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्याला हात लावून खोटं बोलत नाहीत, हे नेवाशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मावशींनी मान वळवली. नवऱ्याच्या कपाळाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “लावा बोर्ड.”

त्यानंतर जे चाललं ते बघवायचं नाही. अर्धांग झालेल्या बायकोला हा माणूस रोज संध्याकाळी निर्दयपणे हरवायचा. एक संधी द्यायचा नाही. मावशींची सोंगटी भोकाशी आली की स्वतःची आड आणून लावायचा. शेवंताबाई एकदा दारातून बघून ओरडल्याच. “कंपाउंडर, लाज वाटंना का ओ? त्या माऊलीची काय दशा, आन तुमी तिला हरवून मिशीला पीळ भरताय? देव बघतोय!” कंपाउंडरांना मिशी नव्हती, पण त्यांनी खाली मान घालून पुढची सोंगटी घेतली. गावात बोभाटा झाला. मलाही राग यायचा, खोटं कशाला बोलू? मी एकदा म्हटलं, “काका, जरा तरी...” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून चुलीकडे गेले.

पण मावशी जेवायला लागल्या. तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दुपारभर डाव्या बोटानं चिंचोके उडवत बसायच्या, समोर रिकामा पत्र्याचा डबा ठेवून. मी शाळेतून यायचे तर गल्लीच्या तोंडाशीच टण्‌ टण्‌ ऐकू यायचं. चिंचोका डब्याला लागला नाही की त्या स्वतःलाच शिवी द्यायच्या, आणि त्या शिव्या, बाई गं, गोदाकाठच्या होत्या! एका दिवशी कंपाउंडरांच्या दोनच सोंगट्या उरल्या असताना मावशींच्याही चारच उरल्या. “फळी कलली वाटतं उत्तरेला?” त्या म्हणाल्या. कंपाउंडर असे हसले, की त्यांना ठसका लागला. त्या घरात इतकं सुख मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही, दुष्काळ असून.

उन्हाळा चढला तसा मावशींना धाप लागायला लागली. पायावर सूज आली. डॉक्टर आले, तपासून अंगणात गेले आणि कंपाउंडरांना खालच्या आवाजात म्हणाले, “हृदय थकलंय. फार दिवस काढतील असं वाटत नाही. मनासारखं करा त्यांच्या.” खिडकी उघडी होती. मी मावशींच्या पाठीला उशी लावत होते. त्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलंच नाही.

कंपाउंडर आत आले तेव्हा त्यांचा चेहरा पुडीच्या कागदासारखा होता. “आज नको खेळायला,” ते म्हणाले.

“का? आज काय एकादस हाय?” मावशी म्हणाल्या. “लावा.”

त्या दिवशी त्या कशा खेळल्या! शिंगाची चकती त्यांच्या बोटातून अशी निघायची, की जणू ती बोटाचंच ऐकते. त्यांनी राणी घेतली, तिच्या पाठोपाठ सोंगटीही घेतली. कंपाउंडरही खरं खेळत होते; मी त्यांच्या हातावर डोळा ठेवून होते. शेवटी दोघांची एकेक उरली. कंपाउंडरांची पाळी. त्यांची सोंगटी भोकाच्या अगदी तोंडाशी. फुंकर मारली तरी पडेल अशी. त्यांनी हस्तिदंती स्ट्रायकर ठेवला, बोट ताणलं, आणि हात थरथरला. मनगटापासून थरथरला, मी पाहिलं. स्ट्रायकर सोंगटीच्या बाजूनं निघून गेला.

मावशींची सोंगटी पलीकडच्या चौकटीला चिकटलेली. तशी सोंगटी काढायला मला जन्म पुरला नसता. त्यांनी मान जरा कलती केली, चकती उडवली. सोंगटी चौकटीवरून उलटी आली, अख्खा बोर्ड ओलांडला आणि त्यांच्या डाव्या हाताच्या भोकात पडली.

मी टाळ्याच वाजवल्या. कंपाउंडर तोंड उघडं टाकून बघत राहिले, आणि मग म्हणाले, “जिंकलीस! अगं, जिंकलीस तू!”

मावशी भोकाशी राहिलेल्या कंपाउंडरांच्या सोंगटीकडे बघत होत्या.

“सोडलीत,” त्या म्हणाल्या.

“नाही! नाही गं, हात हलला माझा.”

“डाक्टर काय बोलला ते मी ऐकलंय.”

“ऐकलंस ना? तेच डोक्यात होतं, म्हणून हात हलला. मी हलवला नाही!”

“खांबाला हात लावला हुता तुमी,” मावशी म्हणाल्या. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं. “माज्यापायी मोडलीत ना शपथ?”

कंपाउंडरांनी माझ्याकडे बघितलं. “बाई, तुम्ही होतात. सांगा तिला.”

मी सांगितलं. हात थरथरला हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असं सांगितलं. आईची शपथ घेतली. मावशींनी माझ्या गालाला डावा हात लावला. “तुमी भाडेकरू, बाई. मालकाच्याच बाजूनं बोलणार,” त्या म्हणाल्या. त्यात थट्टा होती थोडी. पण विश्वास नव्हता.

मग बोर्ड लागला नाही. धाप वाढत गेली. कंपाउंडर उठता बसता तेच सांगायचे, औषध पाजताना, पाय चेपताना. हात हलला गं. मावशी “बरं” म्हणायच्या, आजारी माणूस समजूतदारपणे म्हणतो तसं. मला मात्र त्यांनी एकदा जवळ बोलावून सांगितलं, “माजं काय न्हाई. पर त्यांना पाप लागंल बाई, खांबाचं. तुमी जावा एकदा देवळात, म्हणावं, म्हाताऱ्याचं मनाला घिऊ नका.” मी गेले. काय बोलणार होते तिथं? खांबापुढे उभी राहिले आणि परत आले.

पुढच्या सोमवारी सकाळी त्या गेल्या.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो. नदी म्हणजे वाळूच. भटजींनी झिऱ्यातलं पाणी तांब्यात धरून क्रिया उरकली. पिंड ठेवले. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. मावशींचा भाऊ पुढे झाला, म्हणाला, “अक्का, दाजींना मी अंतर देणार न्हाई.” कावळे बसूनच. शेवंताबाईंनी तुळशीला रोज पाणी घालायचं कबूल केलं. मी म्हटलं, मी खोली सोडणार नाही, काकांचं जेवण बघीन. ऊन डोक्यावर आलं. “दुष्काळात जागोजाग जनावरं मरून पडल्यात,” मागून कुणीतरी म्हणालं, “कावळ्याला भाताची काय पडलीय?”

तेव्हा कंपाउंडर उठले. डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा. पिंडाजवळ जाऊन मांडी घालून बसले. मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांदेखत, “अगं, मी सोडलं नव्हतं. खांबाला लावलेला हात आहे हा, खोटं बोलेन का? तू खरी जिंकलीस. मी खरा हरलो. आता तरी मान.”

एक कावळा उतरला. पिंडाभोवती चालला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून पुन्हा बाभळीवर गेला.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला शिववला. माणसं वाळू झटकत उठली, घराकडे निघाली. कंपाउंडर उठेनात. मी त्यांना दंडाला धरून उठवायला गेले. ते बाभळीकडेच बघत होते.

“बघितलंत, बाई?” ते म्हणाले. “अजून नाही मानलं तिनं.”